पहिल्या प्रयोगाचे पाठीराखे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रातील अशा व्यासपीठांवर धर्म, इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यव्यवहार यांची चर्चा परंपरेने होत आली आहे. त्या परंपरेत आज इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसेट घेऊन उभे राहणाऱ्या तरुणांचा विषय मांडला जावा याचे कित्येकांना नवल वाटले असेल, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु या तरुणांइतकाच, किंबहुना त्यांच्याहूनही अधिक, माझ्या विवेचनाचा विषय आहे तो त्यांच्या पहिल्या प्रयोगाला, त्यांचे नावही कोणी ऐकलेले नसताना, पदरमोड करून येऊन बसणारा श्रोता. नवे संगीत जन्मास घालणाऱ्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. ते जगवणाऱ्या पहिल्या शेदोनशे माणसांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात जी कृतज्ञता आहे ती येथे प्रकट करावी, आणि तुम्हीही त्यांच्यापैकी व्हावे अशी विनंती करावी, हा माझा हेतू.

प्रथम त्या संगीताचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाने जो प्रकार ओळखला जातो तो १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात आकारास आला. तीन मिनिटांचे, चार मात्रांच्या ठेक्यावर चालणारे नाचाचे गाणे हीच ज्या संगीताची तोवरची मर्यादा होती, त्याच संगीतातील काही तरुणांना अभिजात पाश्चात्त्य रचना, जॅझ आणि लोकगीते यांचे आकर्षण वाटू लागले, आणि त्यांनी गाण्याची लांबी, लय आणि आशय या तिन्ही सीमा ओलांडल्या. किंग क्रिमसन या मंडळींनी ५ जुलै १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाआधी, लाखोंच्या समुदायापुढे आपली रचना सादर केली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे १९७२ साली जेथ्रो टल यांनी ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही बाजू व्यापणारे एकच गीत प्रसिद्ध केले. येस या मंडळींची सुमारे अठरा मिनिटांची रचना त्याच वर्षीची. आणि पिंक फ्लॉइडचे १९७३ सालचे ‘मनी’ हे गीत बव्हंशी सात मात्रांच्या आवर्तनात चालते.

सात मात्रा ऐकल्या की आपल्यापैकी अनेकांच्या हाताला रूपक आठवेल. विलंबित ख्याल पाऊणपाऊण तास निश्चल बसून ऐकणाऱ्या, आणि शिमग्यानंतर गण-गवळणीपासून वगाच्या अखेरीपर्यंत नमन पाहत पहाट करणाऱ्या समाजाला वीस मिनिटांची रचना दीर्घ वाटण्याचे काही कारण नाही. युरोपातील ज्या श्रोत्याचा पाय चारच मात्रांना सरावलेला होता, त्याला हे संगीत प्रथमतः दुर्बोध वाटले असल्यास ते क्षम्य आहे. आपल्याला ती सबब सांगता येणार नाही. वाद्ये परकी असतील, नादाचा कर्कशपणाही प्रारंभी बोचेल, पण आवर्तनाची जाण आणि विस्ताराविषयीचा धीर ही जी या संगीताची खरी मागणी, ती पुरवण्याची तयारी आपल्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे.

आता अडचण कोठे येते ती पाहू. अशी रचना नभोवाणीच्या वेळापत्रकात बसत नाही, लग्नमंडपात वाजत नाही, आणि एकदा ऐकून ओठांवर रुळत नाही. तिला पुनःपुन्हा ऐकणारा माणूस लागतो. जेनेसिस हे नाव आज जगप्रसिद्ध आहे, पण शाळकरी वयातील त्या मुलांची १९६९ सालची पहिली ध्वनिमुद्रिका फारच थोड्या लोकांनी विकत घेतली, आणि पुढे त्यांना भरघोस प्रतिसाद मिळाला तोही स्वदेशापूर्वी बेल्जियम आणि इटलीतील श्रोत्यांकडून. ज्या इटलीत सामान्य माणूसही ऑपेरातील दीर्घ गायन ऐकत वाढतो, तेथेच या संगीताला आरंभी घर मिळावे हा मला योगायोग वाटत नाही.

चाहत्यांच्या पाठिंब्याचे सर्वांत बोलके उदाहरण मॅरिलियन या इंग्रज मंडळींचे आहे, आणि ते जरा सविस्तर सांगण्याजोगे आहे. १९९७ साली अमेरिकेचा दौरा करणे त्यांना आर्थिकदृष्ट्या अशक्य झाले होते; ध्वनिमुद्रिका कंपनीचे पाठबळ नसता तो दौरा म्हणजे निश्चित तोटा होता. हे कळल्यावर तेथील चाहत्यांनी, मंडळींनी मागितले नसताना, आपसांत वर्गणी काढून सुमारे साठ हजार डॉलर उभे केले आणि तो दौरा घडवून आणला. ही रक्कम देणाऱ्यांनी प्रयोगाची तिकिटेही स्वतंत्रपणे विकत घ्यावयाची होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वर्गणीचे स्वरूप नीट कळते. या अनुभवाने धीर येऊन मंडळींनी २००१ साली आपली नवी ध्वनिमुद्रिका तयार होण्यापूर्वीच चाहत्यांपुढे मागणी ठेवली, आणि एक सूरही ऐकलेला नसताना बारा हजारांहून अधिक लोकांनी तिची किंमत आगाऊ भरली. ज्या काळात कलावंताने कंपनीकडून उचल घ्यावी, त्या उचलीपायी आपल्या कृतीवरील हक्क लिहून द्यावेत आणि पुढे जन्मभर त्या दस्तऐवजाचे ओझे वाहावे असा शिरस्ता होता, त्या काळात श्रोत्यानेच विसार देऊन कलावंताला मोकळे करावे ही घटना मला संगीताच्या अर्थव्यवहारातील एक मोठे स्थित्यंतर वाटते.

मात्र एक भेद विसरता कामा नये. मॅरिलियन ही तोवर जुनी, नाणावलेली मंडळी होती; त्यांची पत बाजारात होती. ज्यांचा पहिलाच प्रयोग आहे त्यांना पत कोठून येणार? नव्यांच्या पाठीराख्याला भूतकाळाचा जामीन मिळत नाही, आणि म्हणून त्याचे साहस अधिक मोलाचे.

हे साहस महाराष्ट्राला अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा पात्रानेच आपली पदे गावीत, आणि त्यांत साकी-दिंडीपासून कर्नाटकी चालींपर्यंत सर्व काही एकत्र नांदावे, ही गोष्ट त्या प्रेक्षकाला आजच्या गिटारइतकीच नवी होती. संगीत नाटक ही आपली परंपरा आहे असे आपण आज अभिमानाने म्हणतो. त्या रात्री ती परंपरा नव्हती, एक धाडस होते. तसेच डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प केला, तेव्हा कोणा संस्थानिकाच्या देणगीची वाट न पाहता नागपुरास मर्यादित भागभांडवलाचे मंडळ स्थापिले, आणि ग्रंथ हाती येण्यापूर्वीच ग्राहक मिळवण्यासाठी मराठी मुलूख पालथा घातला. तेवीस खंडांचे ते कार्य तडीस गेले याचे श्रेय केतकरांच्या विद्वत्तेइतकेच, न पाहिलेल्या ग्रंथासाठी पैसे मोजणाऱ्या साध्या गृहस्थांना आहे.

आणि आपल्या या गुहागर तालुक्यात तर ही रीत वाडीवाडीत जिवंत आहे. नमनाचा नवा संच उभा राहावयाचा असला, किंवा जाखडीसाठी शक्तीवाल्यांच्या अथवा तुरेवाल्यांच्या बाजूने नवा शाहीर पुढे यावयाचा असला, की मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाची बैठक भरते, चाकरमानी वर्गणीचे आकडे घालतात, कोणी मृदंगाचा खर्च अंगावर घेतो, कोणी पोशाखाचा. मुंबईतील एखाद्या रंगमंचावर प्रयोग लागला की गिरणगावापासून विरारपर्यंत पसरलेली गावकी तिकिटे घरोघर पोचवते. शाहीर कसा गाईल हे कोणास ठाऊक नसते. तो आपला आहे, आणि त्याला पहिल्यांदा उभे राहण्यासाठी जागा हवी आहे, एवढ्या दोन गोष्टी पुरेशा असतात. गिरणी कामगाराने आपल्या तुटपुंज्या पगारातून अशी वर्गणी वर्षानुवर्षे दिली म्हणून कोकणची ही लोककला महानगरात तगली. या गोष्टीचे मोल आपण स्वतःच पुरेसे ओळखलेले नाही असे मला वाटते, आणि आजच्या भाषणात अन्य काही विसरले गेले तरी एवढे ध्यानात राहावे अशी माझी फार इच्छा आहे.

मुंबईतील रॉक संगीताची हकीकत मात्र वेगळी घडली. तेथील श्रोतृवर्ग दीर्घकाळ परदेशी मंडळींच्या प्रसिद्ध गीतांची हुबेहूब नक्कल मागत राहिला, आणि स्वतःची रचना सादर करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा औदासीन्यच येई. नाट्यव्यवसायात नाव मिळवलेल्या आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे यांच्यासारखा समर्थ मराठी गायक त्या काळी या क्षेत्रात होता. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’च्या मुंबईतील प्रयोगात त्यांनी ज्यूडासची भूमिका केली, आणि पु. ल. देशपांड्यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ हे नाटक थिएटर ॲकॅडमीने १९७८ साली जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांच्या गळ्यातून रॉकचा आवेश मराठी शब्दांसह प्रेक्षकांपर्यंत पोचला. पण ज्या ॲटॉमिक फॉरेस्ट या मंडळींत ते गात असत, त्यांची ‘ऑब्सेशन ७७’ ही एकच ध्वनिमुद्रिका निघाली, आणि तिचे पुनःप्रकाशन अनेक दशकांनंतर अमेरिकेतील एका कंपनीने केले. नंदू भेंडे २०१४ साली निवर्तले. त्यांच्या तारुण्यात त्यांना मुंबई मंडळासारखे एखादे मंडळ लाभते, तर मराठी रॉकचा इतिहास पन्नास वर्षे आधी सुरू झाला असता, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

पुढे १९८४ साली स्थापन झालेल्या रॉक मशीन या मुंबईच्या मंडळींनी स्वतःच्या गीतांचा आग्रह धरला आणि १९८८ साली ध्वनिमुद्रिका काढली. १९८६ पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरू लागलेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाने अनेक नव्या मंडळींना पहिला मंच दिला. खुल्या आकाशाखालचे ते रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे अशा संगीताला पारखे झाले, ही हानी फार मोठी होय. तरीही २०१३ साली कोशिश या मुंबईच्या मंडळींनी ‘फिरदौस’ ही एका सूत्रात गुंफलेल्या हिंदी गीतांची प्रोग्रेसिव्ह रॉक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, आणि अलीकडे अभंग रिपोस्टसारख्या मंडळींनी संतांची वाणी गिटारच्या साथीने गाऊन तरुणांना डोलावले आहे. म्हणजे वाट रुळू लागली आहे. वाटसरूंना शिदोरी हवी आहे.

या शिदोरीच्या व्यवहारात दक्षता न बाळगल्यास काय होते हेही सांगितले पाहिजे. चाहत्यांचे पैसे गोळा करून कलावंतांना देणारी प्लेजम्युझिक नावाची एक परदेशी संस्था होती; भारतातील स्कायहार्बर या मंडळींनीही आपल्या २०१४ सालच्या ध्वनिमुद्रिकेसाठी तिचे साहाय्य घेतले होते. ही संस्था २०१९ साली बुडाली, आणि श्रोत्यांनी विश्वासाने भरलेल्या रकमा अनेक कलावंतांच्या हाती पोचल्याच नाहीत. श्रोत्याची निष्ठा खरी होती, कलावंताचे श्रम खरे होते, मधला हवाला खोटा ठरला. याउलट गावच्या मंडळाची हिशेबवही सर्वांदेखत वाचली जाते, आणि खजिनदार कोणाचा कोण हे प्रत्येकाला ठाऊक असते.

दुसरी दक्षता पाठीराख्याने स्वतःविषयी बाळगावयाची आहे. वर्गणी दिली म्हणजे रचनेवर हुकमत मिळाली असे मानणारा पाठीराखा जुन्या दरबारातील लहरी आश्रयदात्याहून निराळा नाही. गाणे आखूड करा, ओळखीचे एखादे वाजवा, मधे एक चित्रपटगीत होऊ द्या, अशा फर्माइशी प्रेमापोटीच केल्या जातात, पण पहिल्या प्रयोगाला आलेला तरुण त्यांनी खचतो. त्याची रचना न आवडल्यास तसे त्याला प्रयोगानंतर स्पष्ट सांगावे, आणि दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा यावे. पैशापेक्षाही हे दुसऱ्यांदा येणे दुर्मीळ असते.

आता प्रत्यक्ष तजवीज काय करावी ते सांगून मी आपली रजा घेतो. चिपळूण-रत्नागिरीच्या महाविद्यालयांत आणि मुंबईस गेलेल्या आपल्या मुलांत गिटार, कीबोर्ड, ड्रम वाजवणारे आहेत, आणि त्यांतील काही स्वतः रचना करतात. मे महिन्यात चाकरमानी गावी असतात, पाऊस लागलेला नसतो, आणि खुल्या मैदानात रात्र सुखाची जाते. अशा वेळी वर्षातून एक प्रयोग केवळ नव्या मंडळींसाठी राखून ठेवावा. ध्वनिक्षेपकाची यंत्रणा या संगीतास चांगलीच लागते, नाहीतर सूक्ष्म लयकारी गोंगाटात बुडते, म्हणून वर्गणीचा मोठा हिस्सा तिकडे आणि वाद्यांच्या वाहतुकीकडे जावा, शोभेच्या कमानींकडे नव्हे. वेळेची मर्यादा व परवानगी यांचा बंदोबस्त आधी करावा, म्हणजे ऐन रंगात प्रयोग थांबवण्याचा प्रसंग येणार नाही. जुन्या नमनकाऱ्यांना आणि मृदंगवादकांना पहिल्या रांगेत मानाने बसवावे, कारण नव्या मुलांच्या लयीची खरी पारख तेच करतील. प्रयोगानंतर आठ दिवसांच्या आत हिशेब मंडळापुढे रुजू व्हावा, आणि तूट आल्यास ती वादकांच्या माथी न मारता पाठीराख्यांनी सारख्या हिश्शाने वाटून घ्यावी. त्यातील माझा हिस्सा मी व्याख्यानमालेच्या चालकांकडे आजच जमा करीत आहे.