ही धाप वयाची की चुलीची?

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्त्याचं बोलतो, कर्जाचं बोलतो. आज जरा खोकल्याचं बोलू.

चाळिशीतली बाई पाण्याची कळशी घेऊन येते आणि तिला धाप लागते. सकाळी उठल्याबरोबर उबळ येते, बेडका पडतो. घरातले म्हणतात, वय झालं. तीही तेच म्हणते. पण चाळीस हे काय धाप लागायचं वय आहे?

श्वासनळ्या हळूहळू आखडत जाण्याचा एक आजार आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, असं पूर्वी समजायचे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी आहेत, पण लाकूड-गोवऱ्यांचा धूर घेणारे सुमारे ३०० कोटी. म्हणजे या आजाराचं सगळ्यांत मोठं कारण चुलीचा धूरच असू शकतो. विडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही तो होतो, तो असा.

धुरानं डोळे चुरचुरतात ते कळतं. छातीत काय जातं ते कळत नाही. त्यातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. धुरातला विषारी वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. पोटुशी बाई चूल फुंकते, तेव्हा पोटातल्या बाळालाही प्राणवायू कमी पडतो आणि ते कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. मांडीवरच्या लेकराला न्यूमोनियाचा धोका, आपल्याला मोतीबिंदूचा.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे गॅस आहे की! उज्ज्वला योजना २०१६ साली आली, शेगड्या घरी पोचल्या. पण बऱ्याच घरांत गॅस चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. सिलिंडर महाग आणि पऱ्हाट्या-तुराट्या शेतातल्या, हेही खरंच आहे. म्हणून जमेल तिथून सुरुवात करू.

आंघोळीच्या पाण्याची चूल घराबाहेर काढा. सरपण वाळवून, बारीक फोडून वापरा. डाळ आधी भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा. जाळ कमी लागतो. चुलीला धुराडं असेल तर त्यातली काजळी वेळोवेळी झाडा. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर निदान तेवढे महिने भाकरी गॅसवर करा. ५ किलोचा लहान सिलिंडरही मिळतो. बियाण्यासाठी गट कर्ज देतो, तसं गॅस भरायलाही देता येईल.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर घरगुती काढ्यावर थांबू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते. धाप लागत असेल तर नळीत फुंकून करायच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यांनी पंप दिला तर घाबरू नका. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. औषध थोडं लागतं आणि थेट फुफ्फुसात पोचतं.

पुढच्या बैठकीत हजेरी झाली की एक प्रश्न विचारा: चढावर कुणाला धाप लागते? जी हात वर करील, तिच्यासोबत गटातल्या एकीनं दवाखान्यात जायचं. एवढं ठरवा.