संगणक घरी जुळविताना



आपल्यापैकी काही जण संगणकाचे सुटे भाग विकत आणून ते घरीच जुळवितात, आणि शाळेचा संगणकही कधी कधी अशाच हातांनी उभा राहतो. हा उद्योग स्तुत्य आहे. परंतु नवा भाग पहिल्याच दिवशी निकामी झाला म्हणजे आपण दुकानदारास बोल लावतो. पुष्कळदा तो दोष आपल्या हाताचा असतो.

प्रथम माझाच अपराध सांगतो. शाळेच्या संगणकाची वीजपुरवठ्याची पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती जळाली. म्हणून मी दुसऱ्या बनावटीची पेटी आणली. जुन्या पेटीच्या तारा कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या होत्या. त्या उपसण्याचा कंटाळा करून मी त्याच नव्या पेटीस जोडल्या. टोके चपखल बसली, म्हणून निर्धास्त झालो. कळ दाबताच हार्ड डिस्क गेली. मुलांनी सहा वर्षे घरोघर जाऊन आजीबाईंकडून उतरवून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्यात होत्या. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती, आणि त्या आजीबाईंपैकी दोघी आज हयात नाहीत.

कारण अगदी साधे होते. तारेचे जे टोक डिस्कला लागते त्याची रचना सर्वत्र एकच असते. पेटीकडील टोकाची रचना मात्र प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीने ठरवितो. त्यामुळे जेथे ५ व्होल्ट हवेत तेथे १२ व्होल्ट जाऊ शकतात. पेटी बदलली की तारा बदलाव्या. तसेच प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची जोडणी दिसावयास सारख्या, पण त्यांतील धन व ऋण बाजू उलट असतात. जोर करून एकीच्या जागी दुसरी बसवू नये.

आता स्थितिक विद्युत. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होते तीही हीच वीज. बोटाला चटका जाणवतो तेव्हा तिचा दाब सुमारे ३,००० व्होल्टपर्यंत गेलेला असतो; काही नाजूक भाग मात्र शे-दोनशे व्होल्टांनीही दुखावतात. म्हणजे इजा झाली तरी आपणांस पत्ता लागत नाही. म्हणून काम सतरंजीवर बसून करू नये, भाग कडेने धरावेत, आणि मधून मधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्यास हात लावावा.

हे सारे अर्थिंगवर अवलंबून आहे, आणि आपल्याकडे खरी हयगय तेथेच होते. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकून तो कोठेही खुपसणारे महाभाग मी पाहिले आहेत! अर्थिंग नसले म्हणजे कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. पेटीतील गाळणीमुळे पत्र्यावर २३० व्होल्टांचा सुमारे निम्मा दाब उतरतो. प्रवाह अल्प असतो, पण ती सूचना समजावी व वायरमनास बोलवावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतेच उरते. त्यात पाणी घालण्याचे काम शाळेच्या बागेबरोबर करता येते.

बाकीचे थोडक्यात. इंटेलने २००४ पासून आणि एएमडीने घरगुती प्रोसेसरांत २०२२ पासून पिना प्रोसेसरवरून काढून मदरबोर्डच्या खाचेत ठेवल्या. त्या केसासारख्या असतात. तेथे बोट नेऊ नये. मदरबोर्डखाली पितळी स्पेसर त्याच्या भोकांसमोरच हवेत. एखादा जास्तीचा राहिला तर पाठीमागे शॉर्ट होतो. पंख्याच्या बुडाशी चिकटविलेला प्लास्टिकचा पापुद्रा काढल्यावाचून तो बसवू नये. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

आणि सर्व भाग कॅबिनेटमध्ये कोंबण्यापूर्वी मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून केवळ प्रोसेसर, पंखा व एक रॅम लावून चालवून पाहावा. बिघाड असेल तर तो तेथेच सापडतो.

समोरच्या मेजावर एक संगणक सुटा करून मांडला आहे. पेटीची तार अद्याप जोडलेली नाही. दोघादोघांनी पुढे यावे. अंगठ्या व घड्याळे मात्र काढून ठेवावीत.