शंभरातले किती दिसले?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सोयाबीन विकायला नेले की शेतकरी आधी काटा बघतो. प्रमाणित वजन ठेवले की काटा खरा की खोटा ते कळते. आज मी अशाच एका काट्याबद्दल सांगणार आहे. फरक एवढाच की तो क्ष-किरण मोजतो.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ हा आपला उपग्रह अवकाशात गेला. त्यावरच्या एका उपकरणात कॅडमियम झिंक टेल्युराइड या अर्धवाहकाचे ६४ डिटेक्टर आहेत. प्रत्येकात २५६ पिक्सेल, म्हणजे एकूण १६,३८४. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची ‘आयुका’ यांचा त्यात मोठा वाटा आहे.

क्ष-किरणाचा कण, म्हणजे फोटॉन, अर्धवाहकात अडकला की विजेचा बारीकसा झटका उमटतो. तो आपण मोजतो. पण आलेले सगळेच फोटॉन मोजले जात नाहीत. कमी ऊर्जेचे वरच्या आवरणातच अडतात, जास्त ऊर्जेचे आरपार निघून जातात. शंभरातले किती मोजले गेले, ती डिटेक्टरची कार्यक्षमता. ऊर्जेनुसार ती बदलते, म्हणून एकाच वजनाने हा काटा तपासून भागत नाही.

इथे वजनांच्या जागी किरणोत्सारी स्रोत वापरतात. अमेरिसियम-२४१ पासून ५९.५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे फोटॉन मिळतात, कोबाल्ट-५७ पासून १२२ चे. अमेरिसियमच्या शंभर अणूंचे विघटन झाले तर असे सुमारे ३६ फोटॉन निघतात. स्रोताची ताकद, ती कोणत्या तारखेला मोजली आणि डिटेक्टरपासूनचे अंतर ठाऊक असले, की किती फोटॉन यायला हवेत ते काढता येते. तारीख विसरून चालत नाही. अमेरिसियम निम्मे व्हायला सुमारे ४३२ वर्षे लागतात, कोबाल्ट-५७ मात्र सुमारे २७२ दिवसांतच निम्मे होते. मग मोजलेल्या फोटॉनांना आलेल्या फोटॉनांनी भागायचे.

एवढी उठाठेव कशासाठी? याच उपकरणाने क्रॅब तेजोमेघाकडून येणाऱ्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजले. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी फोटॉन एका पिक्सेलवर आदळून शेजारच्या कोणत्या पिक्सेलकडे जास्त उडतात ते पाहावे लागते. समजा, उजवीकडचे पिक्सेल मुळातच मंद आहे. मग फोटॉन डावीकडेच जास्त जातात असे दिसेल, आणि यंत्राचा दोष ताऱ्याचा गुण म्हणून छापला जाईल!

मी सॉफ्टवेअर लिहिते. कार्यक्षमतेचा तक्ता चुकीचा दिला तर प्रोग्राम बिनचूक चालूनही उत्तर चुकते, आणि ते चुकल्याचे पडद्यावर कुठेच दिसत नाही.

वर्गातही हात वर करणारी मुले आधी दिसतात. आमच्या गुरुजनांना मागच्या बाकावरची गप्प मुलेही दिसत होती, म्हणून आज आमच्यातले कितीतरी जण इथे उभे आहेत. विद्यार्थ्यांनो, कोणताही आकडा हाती आला की एवढे जरूर विचारा : मोजणाऱ्याला शंभरातले किती दिसतात?