गुरुत्वाकर्षण उलटे करता येईल काय?



पदार्थविज्ञान आम्ही कॉलेजात शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत, रात्री, उसन्या पुस्तकांतून शिकलो. तेथे हमालबंधू हटकून विचारतात, "साहेब, वजनच नाहीसे करणारे यंत्र निघेल काय?" आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली ५५ किलोंची मर्यादा सुचवली, तरी पाठीवर त्याहून जड गोणी घेणाऱ्या माणसाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आइन्स्टाइनने १९१५ साली सांगितले, गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढणारी दोरी नव्हे. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ दोन्ही वक्र होतात. वस्तू त्या वक्रतेतली सर्वांत सरळ वाट धरते. १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला प्रत्यक्ष मोजला गेला.

मग ही वक्रता उलटी का करू नये? समीकरणांचा मज्जाव नाही. हर्मन बाँडी यांनी १९५७ साली ऋण वस्तुमानाचा हिशेब मांडला. गंमत अशी, की ऋण वस्तू धन वस्तूच्या मागे धावते आणि धन वस्तू तिच्यापासून पळत सुटते! कागदावर सारे जमते. असा पदार्थ मात्र कोणाला सापडलेला नाही.

काहींची भिस्त प्रतिद्रव्यावर होती. सर्नमधील अल्फा प्रयोगात प्रतिहायड्रोजनचे अणू चुंबकी सापळ्यातून सोडले. २०२३ साली निष्कर्ष आला: बहुतेक अणू खालच्याच बाजूने बाहेर पडले.

विश्वाचा विस्तार वाढत्या वेगाने होतो आहे, हे १९९८ साली उमगले. तेथे प्रतिकर्षण आहे खरे. पण ते कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या अंतरावर जाणवते. गोणीखाली त्याचा काडीचाही आधार नाही.