भेके गेला तो उन्हाळा
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आपण’ हा विषय दिला होता. मी म्हटलं, संगणकाबद्दल मी रोज दहा तास बोलते, आज दहा मिनिटं फुटबॉलवर बोलू द्या. मागच्या रांगेतून हसू आलं, ते मला ऐकू आलं. हसा. आपल्या वेळी मुलींना लंगडी आणि खो-खो, फुटबॉल मुलांचा. मी मैदानाच्या कडेला तुमची दप्तरं सांभाळत बसायचे. तिथे बसून सामना बघायची जी सवय लागली, ती सुटलीच नाही.

मी घाटकोपरची. २०१४च्या जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंडियन सुपर लीग. मुंबई सिटीचा संघ आधी नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायचा. २०१६मध्ये तो अंधेरीला, वीरा देसाई रोडवरच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात आला. मग काय, घाटकोपरला मेट्रोत बसायचं आणि आझाद नगरला उतरायचं. मैदान छोटं आहे, जेमतेम सात हजार माणसं मावतात, पण खेळाडूने सहकाऱ्याला मारलेली हाक तिसऱ्या रांगेत ऐकू येते.

याच मैदानावर १७ मार्च २०१९ला बंगळुरू आणि गोवा यांची अंतिम लढत झाली. जादा वेळेतल्या ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर एका बचावपटूने डोक्याने गोल केला आणि बंगळुरू जिंकलं. त्याचं नाव राहुल भेके. मुंबईचा मुलगा, आपल्या गावच्या मैदानावर, दुसऱ्या गावासाठी.

दोन वर्षांनी, २०२१मध्ये, तो मुंबईकडे आला. एप्रिल २०२२मध्ये मुंबईने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. दुसरा गोल भेकेचा, पुन्हा डोक्याने. ४ मे २०२४ला कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच घरी ३-१ हरवून मुंबईने चषक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच होता. आणि काही आठवड्यांतच तो बंगळुरूला परत गेला.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपल्याला क्रिकेटचा लिलाव माहीत आहे. फुटबॉलमध्ये लिलाव नसतो, करार असतो. करार चालू असताना खेळाडू हवा असेल तर दुसऱ्या क्लबने पैसे मोजायचे. करार संपला की तो मोकळा, जुन्या क्लबला एक रुपयाही मिळत नाही. युरोपातल्या न्यायालयाने १९९५मध्ये बोसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात हा हक्क मान्य केला आणि जगभर ती रीत पडली. करारात शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्याशी बोलणी करता येतात. म्हणजे आपल्याकडचा नोटीस पिरियडच, पण खेळाडूच्या बाजूचा.

२०२४च्या उन्हाळ्यात भेकेबरोबर आघाडीचा पेरेरा डियाझ आणि मधल्या फळीतला नोगेरा हेही बंगळुरूला गेले. मिझोरामचा अपुइया मोहन बागानला गेला. बचावाचा कणा, मधल्या फळीचं इंजिन आणि गोल करणारा, असे तिघेही एकाच उन्हाळ्यात गेले. बदल्यात ग्रीसचा कारेलिस आला, स्पेनचा टोराल आला, गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस आला. नावं वाईट नव्हती. पण आधीच्या मोसमात २२ सामन्यांत ४७ गुण होते, या मोसमात २४ सामन्यांत ३६. दुसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर. २९ मार्च २०२५ला बाद फेरीत गाठ पडली ती नेमकी बंगळुरूशी. ०-५. पाचवा गोल कोणी केला असेल? पेरेरा डियाझने. मी घरी टीव्ही बंद करून भांडी घासायला घेतली.

नीट पाहिलं तर हे पहिल्यांदा झालेलं नाही. २०२०मध्ये प्रशिक्षक लोबेरा गोव्याहून आले आणि आपला कणाच बरोबर घेऊन आले: फॉल, जाहू, बूमू आणि गोव्याचा मंदार राव देसाई. पहिल्याच वर्षी लीगही जिंकली आणि चषकही. पुढच्या मोसमाआधी लोबेरा गेले, बूमू गेला, गोलरक्षक अमरिंदर गेला. संघ पाचवा आला, पहिल्या चारांच्या बाहेर. मग २०२२मध्ये स्टुअर्ट, डियाझ, नोगेरा आले आणि २० सामन्यांत ४६ गुण मिळवून लीग पुन्हा जिंकली. एकत्र आणायचे, जिंकायचे, करार संपले की पांगायचे. आणलेला संघ कराराइतकाच टिकतो.

मी यात क्लबला दोष देत नाही, खेळाडूला तर मुळीच नाही. फुटबॉलपटूची कमाईची वर्षं दहा-बारा. भेके गेला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. गेल्या वर्षी माझ्या टीममधले तिघे एका महिन्यात गेले. मी त्यांना केक कापून निरोप दिला आणि घरी येऊन रडले. खुर्च्या दोन महिन्यांत भरल्या. पण कुठली जुनी फाइल का तशी लिहिली आहे, कुठला ग्राहक कशावरून चिडतो, हे त्यांच्या डोक्यात होतं, ते गेलं. बचावातही तेच असतं. उजवीकडचा पुढे गेला की मागची जागा कोणी झाकायची, हे बोलून नाही, शंभर सामने एकत्र खेळून येतं.

मग संघाला खरी गरज कशाची? २०२१पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात. म्हणजे सात भारतीय लागतात. परदेशी खेळाडू दरवर्षी नवा मिळतो, चांगला भारतीय बचावपटू मिळत नाही. आपल्या संघातले भारतीय बघा. छांगटे आणि अपुइया मिझोरामचे, बिपिन मणिपूरचा. २०२१च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला गोल करणारा, २०२४च्या अंतिम सामन्यातही गोल करणारा बिपिन २०२५च्या उन्हाळ्यात ईस्ट बंगालला गेला, मेहताब सिंग मोहन बागानला. त्यात जुलैमध्ये लीगचा मोसमच स्थगित झाला.

मिझोराम तर आपल्या मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढ्या लोकसंख्येचं राज्य. तिथून खेळाडू येतात आणि इथून भेकेसारखा एखादाच. का? आपल्याकडे एके काळी महिंद्र युनायटेड होता, तो संघ २०१०मध्ये बंद झाला. मुंबई एफसी होता, भेके तिथेही खेळला, तोही २०१७ला संपला. म्हणजे उपनगरातल्या पोराने शाळेतून निघून पुढे जायचं कुठे, त्या जिन्याच्या मधल्या दोन पायऱ्याच गेल्या. वरची पायरी अंधेरीत झगमगते आहे. खालची पायरी म्हणजे शाळेचं मैदान.

सर, आता मी आपल्या मैदानाकडे येते. मघाशी मी बघून आले. अर्ध्यात आज आपल्याच गाड्या उभ्या आहेत, माझीही त्यात आहे. बाकीच्या अर्ध्यात गोलपोस्ट नाहीत. शिपाईकाका म्हणाले, शाळा सुटली की फाटक बंद. आपण आपल्या बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं यावर तीन महिने व्हॉट्सअॅपवर चर्चा चालू आहे. स्मार्ट बोर्ड, पाण्याचा कूलर, ग्रंथालयाला कपाट. सगळं चांगलंच आहे. माझी एक विनंती त्यात घाला. शनिवारी दोन तास फाटक उघडं राहू दे. एक प्रशिक्षक, दोन गोलपोस्ट, वीस चेंडू. पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षकाच्या मानधनाचा अर्धा भाग मी देते, उरलेला तुम्ही वाटून घ्या. आणि वीसपैकी दहा जागा मुलींच्या. ही अट आहे, विनंती नाही.

यातून भेके निघेल असं मी म्हणत नाही. निघालाच तर तोही एखाद्या उन्हाळ्यात बंगळुरूला जाईल. आपणही गेलोच की: कोणी पुण्याला, कोणी न्यू जर्सीला, मी नुसती मेट्रोने अंधेरीपर्यंत. पण आज सगळे इथे आलो, कारण आपला एकमेकांशी पहिला करार या मैदानावर झाला होता आणि त्याला मुदत नव्हती.

फाटकाच्या किल्लीचं मुख्याध्यापकबाईंशी मी बोलले आहे. बाई म्हणाल्या, लेखी अर्ज द्या. अर्ज बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. जेवायला जाण्याआधी सह्या करा.