माध्यमिक शाळेतील इतिहास : पाठांतर नव्हे, सत्यशोधन

संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा एका अर्थाने इतिहासाचाच उत्सव असतो. पन्नास वर्षांपूर्वी कोणी कोणते कष्ट उपसले, याचे कृतज्ञ स्मरण अशा प्रसंगी केले जाते. परंतु त्याच समाजातील मूल आठवी-नववीत गेले की, गणित व विज्ञानाला शिकवणी लावली जाते आणि इतिहास मात्र परीक्षेच्या आदल्या रात्रीवर सोडला जातो. दहावीनंतर विज्ञान वा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचा या विषयाशी संबंध बहुधा कायमचा सुटतो. म्हणूनच माध्यमिक शाळेतील ही दोन-तीन वर्षे म्हणजे अनेकांसाठी इतिहास शिकण्याची शेवटची संधी होय.

इतिहास म्हणजे केवळ सनावळी नव्हे. 'हे आपल्याला कसे कळले ?' असे विचारण्याची सवय हे या विषयाचे खरे फळ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला या सवयीसाठी दूर जावे लागत नाही. सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळ आहे. तेथील चौतीस लेण्यांपैकी ३० ते ३४ ही जैन लेणी असून ती प्रामुख्याने नवव्या-दहाव्या शतकांतील मानली जातात. १९८३ साली वेरूळचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला.

यांपैकी ३२ क्रमांकाचे लेणे 'इंद्रसभा' म्हणून प्रसिद्ध आहे. हत्तीवर बसलेली मूर्ती पाहून पूर्वीच्या लोकांनी तिला इंद्र मानले आणि समोरील देवीला इंद्राणी. पुढे अभ्यासकांनी लक्षणे पडताळून पाहिली. देवी सिंहावर बसलेली, मस्तकावर आम्रवृक्ष, जवळ बालक; ही तर नेमिनाथ भगवंतांची यक्षी अंबिका ! हत्तीवरील मूर्तीही इंद्राची नसून यक्षाची आहे. नाव तेच रूढ राहिले, परंतु ज्ञान बदलले. रूढ नावापेक्षा पुरावा मोठा असतो, हा धडा नववीतील मुलाला एका भेटीत मिळू शकतो.

या लेण्यांच्या वरच्या बाजूला, डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्या आसनावरील लेखात शके ११५६, जय संवत्सर, फाल्गुन शुद्ध तृतीया असा काळ दिला आहे. शकात ७८ मिळवल्यास १२३४ येतात. मात्र महिना फाल्गुन असल्याने इसवी सन १२३५ उजाडलेले होते. एवढ्या साध्या बेरजेतूनही कालगणनेचा मर्म कळतो. जवळच्या देवगिरीवर तेव्हा यादवांचे राज्य होते. वर्धनपूरच्या चक्रेश्वर नावाच्या दात्याने ही मूर्ती घडविली; त्याच्या आजोबांचे, वडिलांचे व आईचेही नाव लेखात आहे. हा डोंगर त्याने तीर्थ केला, अशी त्याची प्रशंसा तेथे आढळते. लेणी कोरली गेल्यानंतर तीन शतकांनीही या परिसरात श्रावकांची श्रद्धा व दानधर्म जागता होता, हे त्या काही ओळी सांगतात.

गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यालाही इतिहास परका नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. विद्यार्थी पुढे जे संयोगांचे सूत्र शिकतो, त्याचा सर्वसाधारण नियम या ग्रंथात आहे. सूत्र पाठ असावे आणि आचार्यांचे नाव मात्र ठाऊक नसावे, हे उचित नव्हे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इतिहास केवळ आपल्या गौरवासाठी शिकला, तर तो इतिहास राहत नाही. अनेकांत म्हणजे सर्वच मते सारखी खरी, असे नव्हे. वस्तूच्या सर्व बाजू पाहिल्याविना निर्णय देऊ नये, असा तो संयम आहे. भ्रमणध्वनीवर येणारा प्रत्येक 'ऐतिहासिक' संदेश तत्काळ पुढे धाडणाऱ्या आजच्या काळात हा संयम म्हणजे सत्याणुव्रताचेच आचरण होय. आपल्याला प्रिय असलेली कथाही पुराव्याच्या कसोटीवर उतरत नसेल, तर तसे मान्य करण्याचे धैर्य याच वयात अंगी बाणते.

दहावीसाठी २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकात उपयोजित इतिहास आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर स्वतंत्र पाठ आले. त्या पाठांना घरांतूनच साथ मिळू शकते. कित्येक घरांच्या माळ्यावर जुन्या पोथ्या बासनात पडून आहेत. त्यांच्या अखेरच्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव व तिथी असू शकते. कसर लागून किंवा रद्दीत जाऊन ते पान नष्ट झाले, तर त्या नोंदीची भरपाई कोणत्याही देणगीने होत नाही. पालकांनी मुलाला ते पान दाखवावे, त्याच्याकडून नक्कल करून घ्यावी. वर्षातून एकदा वेरूळला नेताना सोबत वही द्यावी.

चक्रेश्वराने आपल्या वाडवडिलांची नावे पाषाणावर कोरून घेतली. ती वाचू शकणारी पिढी घडविणे, हे आता समाजाच्या हाती आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात तेवढा संकल्प व्हावा.