ज्ञानदानाचा पुढचा टप्पा : शिक्षकाची सोबत



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. गणेश विसर्जन आटोपून निद्राधीन झालेली गावे चारच्या सुमारास हादरली. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील दगड-मातीच्या घरांनी आपल्याच माणसांना पोटात घेतले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार जीव गेले. त्या प्रसंगी श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. पुढे वाघोली येथे त्यांच्या निवासाची व शिक्षणाची कायम व्यवस्था उभी राहिली. अन्न-वस्त्राची मदत काही दिवस पुरते, शिक्षणाची मदत आयुष्यभर पुरते, हा धडा समाजाने त्या वेळी कृतीतून गिरवला.

त्या घटनेला आता तीन दशके उलटली आहेत. मुलांना शाळेपर्यंत नेण्याचे कार्य बऱ्याच अंशी झाले. आता प्रश्न शाळेच्या आत काय घडते, हा आहे. लातूर शहराने ‘लातूर पॅटर्न’च्या रूपाने राज्याला गुणवत्ता यादीचा मार्ग दाखविला. त्याच जिल्ह्यातील एखाद्या वस्तीवरचे मूल मात्र चौथी-पाचवीत जाऊनही साधा परिच्छेद अडखळत वाचते. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांवर आणि मुखेड-कंधारच्या तांड्यांवरही हेच चित्र आढळते. एकाच भूमीतील ही दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवली, म्हणजे उणीव बुद्धीची नसून शिकविण्याच्या व्यवस्थेची आहे, हे ध्यानात येते.

यासाठी केवळ शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोन शिक्षकी शाळेत एकाच गुरुजींना दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी यांचा भार असतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर पटावर उरतात, वर्गात नाही. तांड्यावरील मुलाच्या घरी गोरमाटी बोलली जाते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, तर उदगीर-देवणीकडे कन्नड कानावर पडते. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही अशा बालकाच्या दृष्टीने दुसरी भाषाच होय. शिक्षक हे ओळखून शिकवू लागला तर मूल बोलते होते. न ओळखता शिकवू लागला तर तेच मूल ‘मंद’ ठरविले जाते.

मग शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, असे उत्तर सहज सुचते. ते योग्य असले तरी अपुरे आहे. बिहारमध्ये ‘प्रथम’ संस्थेच्या उपक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. ज्या शाळांना केवळ साहित्य आणि शिक्षक-प्रशिक्षण मिळाले, तेथील मुलांच्या वाचनात लक्षणीय फरक पडला नाही. जेथे प्रशिक्षणाच्या जोडीला गावातील स्वयंसेवकही मिळाले, तेथे प्रगती दिसली. हरियाणात मात्र स्वतः शिक्षकांनीच हे साधले. कारण तेथे रोज एक स्वतंत्र तास राखून ठेवला होता, मुलांचे गट इयत्तेनुसार नव्हे तर त्यांना जे येते त्यानुसार केले होते आणि पर्यवेक्षक नियमित वर्गात जात होते. तात्पर्य, शिबिरात ऐकलेले वर्गात उतरण्यासाठी कोणीतरी शिक्षकासोबत उभे राहावे लागते.

येथेच तरुणांचे स्थान येते. तरुणांनी शिक्षणकार्यात उतरणे मराठवाड्याला नवे नाही. निजामी राजवटीत १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली आणि स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारा हा पुरुष प्रथम शिक्षक होता. त्यांचेच नाव नांदेडच्या विद्यापीठाने धारण केले आहे.

अलीकडच्या काळात याच प्रेरणेला ‘फेलोशिप’चे रूप आले. २००८ साली सुरू झालेल्या गांधी फेलोशिपमध्ये पदवीधर तरुण दोन वर्षे सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांसोबत काम करीत असत. २००९ पासून ‘टीच फॉर इंडिया’चे फेलो मुंबई-पुण्याच्या अल्प उत्पन्न वस्त्यांतील शाळांमध्ये पूर्णवेळ शिकवू लागले. त्याआधी ‘प्रथम’च्या ‘बालसखी’ उपक्रमाने मुंबई व वडोदरा येथे आणखी जवळची वाट दाखविली होती. वस्तीतीलच शिकलेल्या तरुणीला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन, तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले तिच्याकडे रोज सुमारे दोन तास सोपविली जात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या मुलांची प्रगती सिद्ध केली. त्याच अभ्यासाने हेही सांगितले, की सोबत सुटल्यानंतर वर्षभरात त्या लाभाचा मोठा भाग ओसरला. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. तरुण येतो आणि जातो. शिक्षक शाळेत राहतो. म्हणून तरुणाचे काम शिक्षकाची जागा घेण्याचे नसून त्याचे बळ वाढविण्याचे असले पाहिजे.

समाजाच्या स्वतःच्या अनुभवातही या विचाराला आधार आहे. भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणापासून सुरू झालेला प्रवास २००९ साली बीड जिल्ह्यात ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमापर्यंत पोचला. जिल्हा परिषदेच्या पाचशे शाळांत त्याचा प्रारंभ झाला आणि पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने तो राज्यभर विस्तारला. समता, स्वातंत्र्य, न्याय, बंधुता ही संविधानातील मूल्ये भाषणाने नव्हे, तर जोडीतील काम, गटचर्चा आणि खेळ यांतून मुलांत रुजावीत, अशी त्याची रचना आहे. त्यासाठी नवी इमारत बांधावी लागली नाही. वर्गातील शिक्षकाची पद्धत बदलावी लागली. निवाऱ्यापासून वर्गापर्यंतचा हा प्रवास चिंतन करण्याजोगा आहे.

नांदेड-लातूरमध्ये अशी युवा फेलोशिप उभी राहावयाची असेल तर तिची रूपरेषा साधी असावी. फेलो शक्यतो त्याच तालुक्यातील असावा. तांड्यावरचा, पाड्यावरचा तरुण मिळाला तर अधिक उत्तम, कारण मुलाच्या घरची भाषा त्याला शिकावी लागत नाही. जवळजवळच्या मोजक्या शाळा त्याच्याकडे द्याव्यात. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी त्याने शिक्षकाच्या वर्गात बसावे, प्रत्येक मुलाला काय वाचता येते हे शिक्षकासह पाहावे, पुढील आठवड्याचे नियोजन दोघांनी मिळून करावे. केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत त्या शिक्षकाने आपला अनुभव स्वतः मांडावा. फेलोने मागे राहावे. अंगणवाडी सेविकांनाही या सोबतीत स्थान असावे.

यातील धोकेही ओळखले पाहिजेत. स्वस्तात मिळणारा तरुण हा शिक्षकाला पर्याय होऊ नये. अल्प मानधनावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या वस्तीशाळा शिक्षकांची परवड महाराष्ट्राने पाहिली आहे. फेलोला निर्वाहापुरते योग्य मानधन आणि दोन वर्षांनंतर पुढील शिक्षणासाठी मार्गदर्शन मिळावे. मदत घेणाऱ्या बालकाचे छायाचित्र काढून त्याला उपकाराखाली दडपू नये. आणि हे कार्य जात-धर्म न पाहता व्हावे. तसे झाले तरच ते ज्ञानदान म्हणवेल.

एक अडचण दात्यांच्या मनातलीही आहे. इमारतीवर नामफलक लावता येतो. शिक्षकाच्या सुधारलेल्या पाठावर लावता येत नाही. वर्गखोली एका वर्षात उभी राहते, वाचू लागलेले मूल दाखवायला तीन-चार वर्षे लागतात. तरीही आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने ज्ञानाला दानाचे स्थान देणाऱ्या परंपरेला फलकाविना दान अवघड जाऊ नये. गुप्तदानाची थोरवी ज्या समाजात घरोघरी सांगितली जाते, त्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने मागे वळून पाहावे, हे स्वाभाविकच आहे. किल्लारीच्या ढिगाऱ्यातून वाचलेली मुले आज स्वतः आई-वडील झाली आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांची मुले आज शाळेच्या पायरीवर उभी असतील. पहिल्या पिढीला छप्पर हवे होते, ते समाजाने दिले. दुसऱ्या पिढीला छप्पर आहे. आता हवा आहे तो तिचे अडखळणे ऐकून घेणारा शिक्षक, आणि त्या शिक्षकाला हवी आहे सोबत. सुवर्णमहोत्सवाचा संकल्प यासाठी झाला, तर या उत्सवाचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र.